कासवाचा बुजवलेला कान

गुलाबराव निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गवारीच्या शेंगा निवडायला बसले की ते अजून त्या उंचीनुसार ओळीत लावतात. बायको शकुंतलाबाई म्हणतात, "आता नंबर बी टाका त्याच्यावर."

बुलढाण्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली. शिक्षण नववी, काम शिपायाचं, पण कवट्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच करदोड्याला. परीक्षेत पोरगं मुंगसाच्या कवटीपुढं अडकलं, की गुलाबराव खिडकी पुसता पुसता हात सापासारखा वळवळवायचे. पुढचं ज्यानं त्यानं जुळवून घ्यायचं. एक पोरगं 'अजगर' लिहून आलं, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

त्या कपाटात खालच्या कप्प्यात मुठीएवढी एक दगडी कवटी होती. बीबी या त्यांच्या गावी भावाच्या विहिरीत सुरुंग लावला, तेव्हा काळ्या फत्तराच्या दोन थरांमधल्या पांढुरक्या दगडातून ती निघाली. गुलाबरावांनी ती दुपट्ट्यात बांधून एसटीनं आणली आणि विभागप्रमुख वामनराव सरांपुढं ठेवली.

"दात नाहीत, सर. चोच हाये. अन् डोक्याले डोळ्यामागं खिडक्यावानी भोकं नाहीत. कासव दिसते मले."

सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "गुलाब, तू सर अन् मी शिपाई असतो तर कॉलेज बरं चाललं असतं," म्हणाले आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'कासव (?)'. सर गेले, चिठ्ठी पिवळी पडली, पण ते कंसातलं प्रश्नचिन्ह गुलाबरावांना तीस वर्षं टोचत राहिलं.

यंदा मार्चमध्ये हिमानी आली. मुंगूस बरोबर ओळखलेल्यांपैकी एक. आता ती पुण्याच्या एका संस्थेत दगडातल्या हाडांचा अभ्यास करते. किल्ली कुठली कुठं लागते हे नव्या माणसांना माहीत नसल्यानं कॉलेजनं गुलाबरावांना घरून बोलावलं. दोन दिवस तिनं कवटी मोजली. तिसऱ्या दुपारी हाक मारली.

"काका, इकडं बघा. कानाच्या वाटीमागं एक खाच असते. कानातलं बारीक हाड तिच्यातून जातं. या घराण्यातली माहीत असलेली कासवं बघा, सगळ्यांची खाच उघडी. तुमच्या कासवाची हाडानं बंद. म्हणजे ही वेगळीच जात, कधीच नष्ट झालेली, आणि आजवर कोणाला माहीत नसलेली."

"मंग?"

"मग तिला नाव द्यावं लागेल. तुमचं द्यायचं म्हणतेय."

गुलाबराव खुर्चीवर बसले. चौतीस वर्षांत त्या खोलीत ते पहिल्यांदाच बसत होते.

संध्याकाळी बीबीहून पुतण्या भागवतचा फोन आला. "काका, पेढे वाटू राह्यलो. फाट्यावर फलक लावतो. कासवाचा फोटो नाही भेटला तर तुमचाच लावतो, कोन पाह्यते."

गुलाबराव हसले, पण भाकरी अर्धीच खाल्ली. खाच दाखवताना हिमानीनं टाचणी ठेवली ती जागा त्यांच्या बोटाच्या ओळखीची होती. एका साली तपासणी समिती येणार होती. सर म्हणाले होते, कपाटात फुटकं काही दिसायला नको. तेव्हा सशाच्या चिरलेल्या कवटीबरोबर त्यांनी या दगडाची फटही प्लास्टरनं बुजवली होती, वरून चहाच्या काळ्या पाण्याचा हात देऊन. समितीनं कपाट उघडलंच नाही. पोहे खाल्ले आणि गेली.

सकाळी हिमानीच्या आधी ते दारात उभे.

"ते हाड नाही, बाई. माह्या हातचं काम हाये."

हिमानीनं कवटी उन्हात धरली. "रंग कसा जुळवला?"

"चहापत्ती."

"पुढच्या महिन्यात स्कॅन होणारच होतं, काका. तेव्हा निघालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?" मग जरा थांबून, "काल काऊन नाही सांगितलं?" पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून 'काऊन' पहिल्यांदाच आलं असावं.

"एक दिवस नाव वापरून पाहिलं," गुलाबराव म्हणाले.

तिनं सुई त्यांच्याच हातात दिली. प्लास्टर पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटलं, दगडाला ओरखडाही नाही. आत खाच होती, चांगली उघडी. दोन दिवसांची मापं तिनं पुन्हा लावून पाहिली. कासव आधीच नाव मिळालेल्या जातीत जाऊन बसलं. त्या जातीची पूर्ण कवटी तोवर मिळाली नव्हती, ही पहिली, असं ती म्हणाली. भागवतला ते फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "पेढे तर संपले, काका."

"मंग कासव हाये म्हनून वाटले म्हन."

हिमानीनं नवी चिठ्ठी लिहिली. जात, गाव बीबी, आणणाऱ्याचं नाव. गुलाबरावांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. कंस नव्हता, प्रश्नचिन्ह नव्हतं.

जुनी चिठ्ठी त्यांनी टाकली नाही. सरांचं अक्षर होतं. घडी करून खिशात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली.