मांडणीवरचे लाल बूट

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती उंच टाचांच्या लाल बुटांच्या एका जोडीमुळे. वडिलांच्या नोकरीमुळे मी लहानपणीच जर्मनीत आलो, इथलाच नागरिक झालो आणि हॅनोव्हरच्या गुन्हे शाखेतून निवृत्त झालो. प्रकरण २०१४ सालचे.

मेस्से, म्हणजे औद्योगिक प्रदर्शन, नुकतेच संपले होते. मराठी मंडळात ओळख झालेला एक इंजिनिअर सकाळी ठाण्याबाहेर घुटमळताना दिसला. मी त्याला आत नेऊन कॉफी दिली. कपाकडे बघतच त्याने सांगितले, की प्रदर्शनाला आलेल्या ग्राहकांबरोबर तो एका स्ट्रिप क्लबमध्ये गेला होता. तिथे एका नर्तकीने त्याला बोळात गाठले. मालकाने पासपोर्ट काढून घेतलाय, जाऊ देत नाही, पोलिसांना कळवा, एवढेच ती बोलली.

"कधीची गोष्ट?" मी विचारले.

"चार दिवस झाले, सर. बायकोला कळलं असतं तर... म्हणजे, मला वाटलं, दुसरं कुणीतरी कळवेल."

मला संताप आला. पण साक्षीदारावर ओरडले की तो मिटतो, हे ठाऊक होते. जबाब नोंदवून सही घेतली आणि एका महिला सहकाऱ्याला घेऊन दुपारी क्लब गाठला.

मालक भलताच अदबशीर होता. ती मुलगी कंटाळली आणि सगळे सामान घेऊन आपल्या देशात परत गेली, असे त्याने आम्ही बसायच्या आत सांगून टाकले. इतके तयार उत्तर मला कधी पचत नाही. सहकारी त्याच्याशी बोलत बसली आणि मी मागच्या खोलीत गेलो.

अशा जागांवर मी वीस वर्षे छापे घातले होते, पण पडद्यामागची खोली कधी नीट पाहिली नव्हती. एक जण सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. दुसरी जर्मन परीक्षेचे शब्द पाठ करत होती. तिसरी सरावाचा खांब स्पिरिटने पुसून एकच गिरकी पुन्हा पुन्हा घोटत होती. तालमीत असावी तशी शिस्त होती. मनात मी काय काय चित्र रंगवले होते, त्याची लाज वाटली.

कपडेपट सांभाळणारी साठीची बाई, स्वतः एकेकाळची नर्तकी, मांडणीवरचे बूट पुसत होती. माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिचे उत्तर एकच, माहीत नाही. मात्र एक लाल जोडी तिने तिसऱ्यांदा पुसायला घेतली, तेव्हा ती कुणाची, असे मी विचारले.

"कोमिसारसाहेब," ती हळूच म्हणाली, "आमच्यातली एखादी कपडे टाकून जाईल. पायाला बसलेले बूट टाकून नाही जाणार."

ठाण्यात मालकाला त्याचे हक्क समजावून सांगितले आणि बूट टेबलावर ठेवले.

"हे कसं शक्य आहे? तिचं सगळं सामान मी स्वतः पोत्यात भरलं होतं," तो बोलून गेला आणि पांढरा पडला.

तासाभरात पत्ता मिळाला. शहराबाहेरच्या बंद फ्लॅटचे दार आम्ही तोडले. ती जिवंत होती, पण उभी राहू शकत नव्हती. तिने मदत मागितल्याचा मालकाला संशय आला आणि दोन दिवसांपूर्वी त्याने तिला तिथे कोंडले होते. इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी आला असता, तर ती क्लबमध्येच सापडली असती.

पुढे चौकशीत जे कळले, त्याने मी थक्क झालो. मालक पोते भरत असताना त्या बाईने बूट आपल्या कोटाखाली लपवले होते, आणि येणाऱ्या पोलिसाला दिसावेत म्हणून मांडणीवर ठेवले होते. इंजिनिअरलाही क्लबमधल्या सगळ्याजणींनी मिळून हेरले होते. कोट घेणाऱ्या मुलीचे त्याने आभार मानले होते आणि नाच चालू असताना तो जमिनीकडे बघत बसला होता. हा घाबरट आहे, पण पोलिसांकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. माणसाची इतकी अचूक पारख मी आमच्या खात्यातही क्वचित पाहिली. अर्धा तपास त्यांनी आधीच केला होता, आम्ही फक्त दार तोडले.

इंजिनिअरला कोर्टात साक्ष द्यावी लागली, त्यामुळे बायकोला सगळे कळलेच. तीही आली होती. आता इथे भांडण होणार, म्हणून मी जरा दूर उभा राहिलो. क्लबबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

"चार दिवस का थांबलास?" एवढेच तिने विचारले.

तो प्रश्न मलाही लागला. त्या मागच्या खोलीत जाऊन कुणाला काही विचारायला मी वीस वर्षे थांबलो होतो.