तुळजाने चाळ रिकामी केली

टेमघरला केसरीनाथ शेटच्या चाळीत तुळजा भाड्याने राहायची. नवरा चिंधू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, आणि ती त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे घरी आल्यावरही तिचा आवाज खाली यायचा नाही. नवऱ्याला तिने हळूच काही सांगितलं तरी चाळीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात वानरांची एक टोळी शेजारच्या चिंचेवर मुक्कामाला आली. चिंचेवरून चाळीवर, चाळीवरून चिंचेवर असा त्यांचा खेळ चालायचा. चाळीला सिमेंटचे पन्हाळी पत्रे होते. मधल्या खोल्यांवरचे काही तडकले, आणि एक तुकडा म्हाताऱ्या बायजाबाईच्या चुलीपाशी येऊन पडला.

केसरीनाथ तसा भला माणूस. भाताच्या खाचरात चाळ बांधून तो मालक झाला होता. तक्रार कानावर येताच तो दोन गडी आणि हातोडे घेऊन हजर झाला.

"फोडून पाडा खाली," त्याने सांगितलं. "बाया झाडून घेतील. संध्याकाळपर्यंत नवीन पत्रे बसतील."

तुळजा नुकतीच ड्युटीवरून आली होती. ती धावतच शिडीपाशी गेली.

"फोडू नका! शेट, आधी गड्यांना खाली बोलवा."

"अगं, सिमेंट हाय ते. सिमेंटला काय भ्यायचं?"

"नुसतं सिमेंट न्हाय. माझा भाऊ तेच पत्रे बनवायचा. त्याचा दम गेला त्यात."

तिचा थोरला भाऊ दामू पत्र्यांच्या एका कारखान्यात कामाला होता. संध्याकाळी पिठाच्या गिरणीवाल्यासारखा पांढरा होऊन घरी यायचा. पुढे त्याला जिना चढवेना. डॉक्टरांनी सांगितलं, पत्र्यात ॲसबेस्टॉसचे बारीक तंतू असतात, ते छातीत जाऊन बसतात, काम सोड. आता तो खारबावला म्हशी पाळत होता.

केसरीनाथने हातोडे खाली उतरवले खरे, पण त्याला हे सगळं पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुळजाने दामूलाच आणून त्याच्यापुढे बसवलं.

"पत्रा धड हाय तोवर कुणाला त्रास न्हाय," दामू मध्येमध्ये थांबत बोलला. "फोडला, भोक पाडलं, घासला, की धूळ उडते. ती वाईट. भिजवून, हूक सोडवून अख्खा उतरवायचा. अन् खाली माणूस नको."

"अख्खी चाळ कुठे पाठवू मी?" केसरीनाथ वैतागला.

"अकलोलीला, ऊन पाण्याच्या कुंडांवर!" तुळजा म्हणाली.

ती दारोदार फिरली. रात्रपाळी करून आलेले यूपीवाले लूमवाले अंथरुणातून उठेनात. "भाभी, नींद का क्या?" एकाने विचारलं. "गरम पानी में सो जाना!" तिने ओरडून सांगितलं. एवढ्या आवाजानंतर झोप येणार तरी कुणाला? बायजाबाई मात्र खोली सोडायला तयार नव्हती.

"मावशी, कुंडात बसलीस की गुडघे मोकळे होतील."

"अन् न्हाय झाले तर?"

"तर मी तुला पाठुंगळी आणीन."

रविवारी सकाळी भांडी, अंथरुणं, कपडे झाकून चाळ एसटीत बसली. तुळजा देखरेखीला मागे राहणार होती, पण दामूने तिला हाकललं. "माझी छाती गेली ती गेली. तू कशाला थांबतेस इथे?"

तो स्वतः वारा येत होता त्या बाजूला लांब उभा राहून गड्यांना सांगत होता. त्यांनी नाकातोंडावर ओल्या फडक्यांच्या घड्या बांधल्या, पत्र्यांवर पाणी मारलं, गंजलेल्या हुकांवर रॉकेल ओतून ते सोडवले, आणि दोरांनी एकेक पत्रा सावकाश खाली सोडला. उतरवलेले पत्रे आणि तुटके तुकडे ओल्या गोणपाटात बांधून विहिरीपासून लांब पडीक कोपऱ्यात खोल पुरले. खोल्यांना केरसुणी लावलीच नाही, ओल्या फडक्याने पुसून ती फडकीही त्याच खड्ड्यात टाकली. गड्यांनी तिथेच अंघोळ केली आणि कपडे वेगळे धुतले.

तिकडे अकलोलीला बायजाबाई गळ्याएवढ्या ऊन पाण्यात बसली आणि उठेचना. चिंधू लूमवाल्यांना पोहायला शिकवण्याच्या नादात स्वतःच गटांगळ्या खात होता. केसरीनाथ करवंदांची पाटी घेऊन मागून आला आणि लेंगा वर करून पाण्यात पाय सोडून बसला. तुळजा आयुष्यात पहिल्यांदाच बराच वेळ गप्प बसली, तेव्हा चिंधूने घाबरून विचारलं, "बरं न्हाय का तुला?"

"बरंच हाय की," ती म्हणाली. "ऊन पाण्यात बोलावंसंच वाटत न्हाय."

परत आले तेव्हा मधल्या खोल्यांवर लोखंडी पत्रे चमकत होते. बाकीच्या धड पत्र्यांना केसरीनाथने हात लावला नाही, फक्त आतून रंगाचे दोन हात दिले. पाळणा टांगायचा तर लाकडी वाशाला, पत्र्याला खिळा मारायचा नाही, तडा दिसला तर शेटला सांगायचं, असं नव्या भाडेकरूला तो पहिल्याच दिवशी बजावू लागला. त्याचं बोलणं तुळजाला फारच हळू वाटायचं, म्हणून ती आपल्या दारातून तेच पुन्हा एकदा सांगायची, आणि मग नव्या माणसाला चहाला बोलवायची.