मासळीच्या खानावळीतला फिश टँक

१९९८च्या दसऱ्याला ठाण्याच्या खाडीलगत मासळीची एक खानावळ सुरू झाली. दिवाळीपर्यंत तिथे सर्वांत जास्त खपलेला पदार्थ डाळभात होता.

खानावळ जगदीशची. वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून त्याने ती काढली होती आणि नोकरीत त्याच्या जागी दुसरा माणूस आलाही होता. स्वयंपाकघर त्याच्या आई, हिराबाई, सांभाळत. त्यांनी जन्मभर बाजारात मासळी विकली होती. हॉलचं इंटिरियर माझं, म्हणून फोन मला आला.

"मॅडम, रंगात काय चुकलंय का?"

रंग फेंगशुईच्या सल्लागाराने ठरवले होते. त्या सुमाराला ठाण्यापासून कल्याणपर्यंत नव्या दुकानाला असा सल्लागार लागायचाच. या चिनी पद्धतीत पाच तत्त्वं मानतात. प्रत्येकाची दिशा आणि रंग वेगळा. दक्षिणेला अग्नी, म्हणून लाल भिंत. पूर्वेला लाकूड, हिरवी. पश्चिमेला धातू, पांढरी. मध्यभागी माती, म्हणून पिवळी फरशी. उत्तरेला पाणी. तिथे फिश टँक ठेवला होता, आठ लालसर गोल्डफिश आणि एक काळा. लाल भरभराटीचा, काळा मासा येणारं संकट स्वतःवर घेतो, असं मानतात.

रविवारी दुपारी मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. डोंबिवलीचं एक कुटुंब आलं, सुरमई मागवली. त्यांच्या लहान मुलीने आधी टँक पाहिला, मग ताट.

"ही त्यांच्यातलीच आहे?"

वडील म्हणाले, नाही, ही समुद्रातली.

"त्यांना माहितीये?"

सुरमई परत गेली. डाळभात आला. पुढच्या टेबलावरही साधारण हेच झालं. एका गृहस्थाने मात्र काळ्या माशाकडे बोट दाखवून तो फ्राय करून मागितला. हिराबाई हात पुसत बाहेर आल्या.

"त्यो शेट हाय आमचा. त्यो तुलाच इकत घेल."

मी जगदीशला सांगितलं, रंग ठीक आहेत, टँक हलव. तो घाबरला. उत्तरेचं पाणी हललं की धंदा बसतो, असं सल्लागाराने बजावलं होतं. हिराबाईंचा नकार वेगळ्या कारणाने होता. शेटला त्या स्वतः खाऊ घालत.

मी सल्लागाराला फोन केला. पाण्याच्या जागी पाणीच हवं का, एवढंच विचारलं.

"तत्त्व ठेवता येत नसेल तर त्याचा रंग चालतो," ते म्हणाले. "निळा किंवा काळा. फक्त तिथे लाल नको, पाणी आगीला विझवतं."

जगदीशच्या काकांच्या होडीचा निळा ऑइलपेंट घरी उरला होता. सोमवारी खानावळ बंद ठेवून त्याने उत्तरेची भिंत त्याच रंगाने रंगवली. वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या.

मासे दुकानदाराला परत द्यावेत, असं जगदीशचं म्हणणं होतं. हिराबाईंनी पातेल्यात पाणी भरून मासे त्यात सोडले, पातेलं पाटीत ठेवलं आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या घरी गेल्या. पाटीतून मासळी घरी परत, तीही जिवंत, ही त्यांची पहिलीच वेळ.

डोंबिवलीचं कुटुंब पुन्हा आलं. मासे कुठे गेले, मुलीने विचारलं.

"घरी," हिराबाई म्हणाल्या. "त्यांना पन भूक लागते ना, बाय."

मुलीने सुरमईचा दुसरा तुकडा मागून घेतला.

फिश टँक कोणत्या दिशेला ठेवावा, हे फेंगशुई सांगतं. कोणत्या धंद्यात ठेवू नये, हे मला तरी कुठे सापडलं नाही.

नाताळात जगदीशने दारातल्या फळ्यावरून डाळभात पुसला. शेट तेव्हा हिराबाईंच्या घरी, उत्तरेच्या खिडकीत होता.