आईचा धंदा, स्पॅनिशमध्ये

ऑफिसच्या पँट्रीत कुणी डब्यातली तळलेली मांदेली गरम केली की अख्खा मजला नाक मुरडतो. मी मुरडत नाही. पण त्या वासानं माझं मन जागचं उठतं आणि दुपारभर कामावर बसत नाही. समोर स्पॅनिशमधली पत्रं असतात, आता ती सहज वाचता येतात. तरी त्या भाषेत मी बोललेलं पहिलं धड वाक्य खोटं होतं, ही टोचणी जात नाही.

वाशीतला संध्याकाळचा क्लास होता. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. त्याचा मला माज वाटावा इतका अभिमान होता, अजूनही आहे. पहिल्या आठवड्यात नमस्कार झाले, आकडे झाले, नाती झाली, मग व्यवसायांची यादी: डॉक्टर, वकील, इंजिनीअर, शिक्षिका. एकेकानं उभं राहून घरच्यांची ओळख करून द्यायची होती. यादीत मासळी विकणारी नव्हती. बाईंना विचारता आलं असतं. मी म्हणाले, "मि माद्रे एस प्रोफेसोरा." माझी आई शिक्षिका आहे. बाईंनी उच्चाराचं कौतुक केलं आणि माझे कान तापले.

आई ऐरोलीच्या मासळीबाजारात बसते. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. पण बंगाली गिऱ्हाईक आलं की बंगालीत घासाघीस, केरळची नर्स आली की तिच्या भाषेत माशांची नावं. मी क्रियापदांचे तक्ते घोकत होते, तेव्हा ती खवले काढता काढता, समोरच्याच्या तोंडाकडे बघत भाषा उचलत होती. हे मला तेव्हा दिसत होतं, असं मात्र म्हणवत नाही.

कोर्स संपताना बाईंनी घरच्यांना बोलावलं. त्यांच्यासमोर आम्ही चार वाक्यं बोलायची. आई हरखली. "मी पन येतंय गो. जरीची नेसते." तो आठवडा मी नुसत्या येरझाऱ्या घालत काढला. बाई तिला विचारणार, कुठल्या शाळेत शिकवता? शेवटी आदल्या दिवशी बाजारातच सांगून टाकलं. ती पापलेट कापत होती.

"मास्तरीन? मी?" ती हसली. "अगो, मना सही पन नाय येत!"

शेजारची मावशी लगेच म्हणाली, "ओ मास्तरीनबाय, जरा बर्फ द्या हिकडं!"

दोघी खळखळून हसल्या. मीही हसले, सुटले, असं वाटलं. मग आईनं तुकडे पिशवीत भरले, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा उद्या. माजा बाजार हाय."

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. संकष्टीला मासळीकडे कोण फिरकतं, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

मी गेले. शब्दकोशातून शोधलेला शब्द, पेस्कादेरा, ठणकावून म्हणाले. माझी आई मासळी विकते. टाळ्या पडल्या. घरी येऊन तिला सांगितलं, आज खरं बोलले. "बरा केलास," म्हणाली आणि जेवायला वाढलं.

वर्षं गेली. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. चुकलेलं वाक्य मी परक्या भाषेत, परक्या माणसांसमोर दुरुस्त केलं. तिला कळणारी भाषा तर मला जन्मापासून येते; त्या भाषेत 'चुकले गं' एवढं म्हणायला माझी जीभ अजून वळलेली नाही.