वेल्श सून आणि कवीची खुर्ची

माझा मुलगा कार्डिफला नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात तो बायकोला घेऊन तीन महिने मुलुंडला राहायला आला. सून तिकडचीच. लग्नाआधीपासून ती मराठी शिकतेय, त्यामुळे आल्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोलायची. शब्दांच्या लिंगांची वाट लागायची, पण बोलायची.

लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे अध्यक्ष भेटले. मूळचे मालवणचे, स्वभावाने मोकळे. म्हणाले, "इंग्लंडची ना सून?"

"नाही काका, वेल्स," ती म्हणाली.

"तेच ते."

"तेच ते नाही, काका. तुमचं गाव कुठलं?"

"मालवण."

"म्हणजे पुण्याजवळ?"

तेवढ्यात अध्यक्षांचा चौथा मजला आला. उतरताना एवढंच म्हणाले, "वेल्स. बरं."

त्यानंतर मात्र ते रोज संध्याकाळी चहाला यायला लागले आणि तिला तिकडचं राजकारण विचारायला लागले. तिने सांगितलं की त्यांची स्वतःची विधानसभा आहे, तिथे वेल्शमध्ये भाषण करता येतं आणि ज्यांना येत नाही ते कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकतात. रस्त्यांवर पाट्या दोन भाषांत. वस्तीतल्या रस्त्यांवर गाडी ताशी वीस मैलांच्या वर नेऊ नये असा नियम केला, तर लोक सरकारवर इतके चिडले की काही ठिकाणी तो मागे घ्यावा लागला.

"वीस मैल म्हणजे तीसेक किलोमीटर," अध्यक्ष म्हणाले. "आमची गाडी त्या स्पीडने भांडुपपर्यंत गेली, तर मी सोसायटीत पेढे वाटीन."

पण त्यांना सगळ्यात आवडली ती कवींची गोष्ट. तिथे दरवर्षी मोठा उत्सव भरतो, सगळा वेल्शमध्ये. कवी टोपणनावाने कविता पाठवतात. निकालाच्या दिवशी व्यासपीठावरून ते टोपणनाव पुकारतात, मग हजारो लोकांतून तो कवी उभा राहतो. तोवर कुणालाच पत्ता नसतो. आणि बक्षीस काय, तर एक खुर्ची. खरीखुरी, लाकडी.

"खुर्चीसाठी कविता लिहितात?" अध्यक्ष म्हणाले. "आमच्याकडे खुर्ची मिळाली की माणूस कविता करायला लागतो."

मराठी भाषा दिनाला आपणही असंच करू, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सांस्कृतिक समितीत मी एकटीच कामाची, त्यामुळे ते माझ्याच गळ्यात पडलं. कविता आल्या आणि सुनेच्या मदतीने मी त्या वाचल्या. बहुतेक पावसावर आणि आईवर होत्या. एक वेगळी होती. टोपणनाव होतं 'गच्चीवरची टाकी'. आम्हा दोघींचं एकमत व्हायला वेळ लागला नाही.

कार्यक्रम पार्किंगमध्ये होता. बक्षिसाची खुर्ची, सोसायटीच्या ऑफिसातली जुनी, मोठी, लाकडी, पॉलिश करून स्टेजवर ठेवली होती. सून पांढरी शाल पांघरून स्टेजवर उभी राहिली. हातात पोरांच्या शिवजयंतीच्या नाटकातली पुठ्ठ्याची तलवार. तिकडे म्हणे तलवार अर्धी उपसून तीनदा विचारतात, शांतता आहे का, आणि लोक एका आवाजात सांगतात, आहे. मग तलवार म्यानात जाते. लोकांना मी आधी हे नीट समजावलं होतं.

"शांतता आहे का?" तिने विचारलं.

"आहे," पुढच्या दोन रांगा म्हणाल्या.

"शांतता आहे का?"

"बी विंगला चार दिवस पाणी नाही," मागून एक बाई म्हणाली. "कसली शांतता?"

त्यावर ए विंगचे लोक म्हणाले की बी विंगवाले आपल्या जागेत स्कूटर लावतात, तेव्हा बरी शांतता असते. मग सगळेच उठले. मी सुनेला खुणावलं, पुढे चल. ती हलली नाही. "आई, लोक नाही म्हणतायत," ती माइकवरच म्हणाली. "मग खुर्ची कशी देणार?"

शेवटी अध्यक्षांना स्टेजवर यावं लागलं. उद्या सकाळी प्लंबर बोलावतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर बी विंगनेच सगळ्यात मोठ्याने 'आहे' म्हटलं.

मग मी कविता वाचली.

*त्याला ठाऊक आहे*
*कुठल्या विंगला किती वाजता पाणी सुटतं.*
*माझ्या घशाला कोरड कधी पडते*
*हे त्याच्या वेळापत्रकात नाही.*

लोक हसले. अध्यक्ष तर मांडीवर थाप मारून हसले. "सेक्रेटरीच्या बायकोचं काम दिसतंय," ते शेजारच्याला म्हणाले. पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसले होते, मला वरपर्यंत ऐकू आलं.

सुनेने पुकारलं, "गच्चीवरची टाकी, कृपया उभी राहा."

लोक माना वळवून इकडेतिकडे बघायला लागले. मग अध्यक्षांना लागूनच बसलेल्या त्यांच्या बायकोने मांडीवरची पर्स खाली ठेवली आणि त्या उभ्या राहिल्या.

त्या बाईंना मी वीस वर्षं ओळखते. हळदीकुंकवाला येतात, वाण घेतात, जातात. त्या लिहितात हे मलाही माहीत नव्हतं. अध्यक्षांनी आधी मागे बघितलं, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. नंतर त्यांनी बायकोकडे बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं. सुनेने काकूंना हात धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं, आणि लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. काकू सरळ, पाठ न टेकता बसल्या होत्या.

खुर्ची लिफ्टमध्ये मावेना. अध्यक्षांनी ती उचलली आणि जिन्याने निघाले. मुलगा मदतीला धावला, त्याला त्यांनी नको म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले, तेव्हा मी मागून चढत होते.

"हिने कधी लिहिलं असेल हो?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही मीटिंगला असाल तेव्हा," मी म्हटलं.

"म्हणजे रोज," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुन्हा उचलली.

काकू वरच्या वळणावर थांबल्या होत्या. "भिंतीला घासू नका," त्या म्हणाल्या. "पॉलिश नवीन आहे."