गुरुवारी न मोडलेला रोजा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी धारवाडला बी.ए. करत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अप्पा अळणावरच्या एका लाकडाच्या वखारीत ओझी उचलायचे.

माझ्याबरोबर खोलीत कलघटगीचा एक मुसलमान मुलगा राहायचा, माझ्याच वर्गातला, शिंप्याचा मुलगा. तो दर सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरायचा, रमजान नसतानाही. सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. हे माझ्या लक्षात यायलाच तीन महिने गेले, कारण तो कुणाला सांगायचा नाही.

"रमजानचे ठेवावेच लागतात," मी विचारल्यावर तो म्हणाला. "हे माझ्या खुशीचे."

"मग मिळतं काय?"

तो जरा लाजला. "दिवसभर अल्लाची आठवण राहते. एरवी मी विसरतो."

एका गुरुवारी आई अचानक आली. भाकरी, मटकीची उसळ, शेंगांची चटणी, सगळं फडक्यात बांधून. तिनं आधी त्याच्यापुढे ताट ठेवलं. "खा रं लेका, हाडं दिसायल्यात तुझी." तो तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा. "अव्वा, आज नको," असं एकदा म्हणाला. आईचा चेहरा पडलेला दिसला आणि तो मुकाट्यानं जेवायला बसला.

आई गेल्यावर मी त्याला हसलो. "कसला रे तुझा उपास? दोन शब्दांत मोडला!"

"एवढ्या लांबून आणलं तिनं. तिला नाराज करून धरलेल्या रोजाचं काय करू? याच्या बदल्यात एक दिवस परत धरीन."

मला ते पटलं नाही. आमच्याकडे नवस माहीत होता, आणि नवस मोडला की देव कोपतो एवढंच माहीत होतं.

पुढच्या वर्षी अप्पांच्या पोटात गाठ निघाली. त्यांना हुबळीच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. त्या दिवशी मी ठरवलं, अप्पा घरी येईपर्यंत सोमवार-गुरुवार मीही पाण्याशिवाय राहायचं, त्याच्यासारखं.

"धर," मित्र म्हणाला. "पण सौदा करू नकोस."

मी मनातल्या मनात सौदाच केला होता.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी मी अप्पांजवळ बसलो होतो. त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्यांना मोसंबी दिली होती. ती त्यांनी सावकाश सोलली, एका फोडीवरचे पांढरे दोरे काढले आणि फोड माझ्यापुढे धरली.

"घे. तोंड बघ कसं सुकलंय."

"भूक नाही, अप्पा."

"एवढी एकच."

खरं कारण सांगावंसं वाटलं, पण नवस बोलून दाखवू नये, असं आईनं लहानपणापासून सांगितलेलं. मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"हात धुतलाय रं मी."

तरीही मी फोड घेतली नाही. खिडकीत अजून ऊन होतं.

"सायेब झालाय आमचा," ते शेजारच्या माणसाला म्हणाले आणि दोघं हसले. मग त्यांनी ती फोड कागदावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, थकले असतील. संध्याकाळी नळावर पाणी प्यालो तेव्हा मला चांगलंही वाटलं होतं. एक दिवस नीट पार पडला म्हणून.

रविवारी सकाळी अप्पा गेले.

दिवसकार्य उरकून खोलीवर परतलो तो गुरुवार होता. मित्राचा रोजा होता, तरी त्यानं माझ्यासाठी भात करून ठेवला होता. मी जेवलो. मग त्याला त्या फोडीबद्दल सांगितलं आणि विचारलं, "तू घेतली असतीस ना?"

त्यानं माझं रिकामं ताट उचलून बाजूला ठेवलं. रोजात खोटं बोलायचं नाही, असं त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं.

"हो," तो म्हणाला.

त्या एका दिवशी तरी त्यानं खोटं बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.