फोन बिघडलेला असू दे

कोचकोर गावच्या बाजारात दुकान म्हणून आमचा लोखंडी कंटेनर एकच, धंदे मात्र दोन. डाव्या अंगाला माझं शिलाई मशीन. कोटांच्या चेन बदलते, शाळेच्या पँटी आखूड करते. उजव्या अंगाला जेंगिशचं टेबल, त्यावर दिवा आणि पोट उघडून टाकलेले फोन. मध्ये पडदा लावायचं सात वर्षं ठरतंय. पडदा मीच शिवायचा आहे, म्हणून लागत नाही.

जेंगिश चौतीस वर्षांचा, उंचीनं ताडमाड आणि बोलायला इतका कंजूष की शब्दागणिक कर भरावा लागतोय असं वाटावं. पण फोनवर नेट लागत नसलं की अख्खा तालुका याच्याकडे येतो. घराघरातला कुणी ना कुणी रशियात आहे, आणि त्या माणसाचा आवाज घरात येतो तो वायफायवरून. नेट गेलं की माणूस गेल्यासारखे चेहरे करून लोक येतात. मग मी त्यांना चहा देते, कारण जेंगिशला ते सुचत नाही.

त्याची पद्धत ठरलेली. आधी विमान मोड चालू करून बंद करायचा. मग फोनला जुनं नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड नव्यानं टाकायचा. मग तारीख बघायची, कारण थंडीत कुरणावर फोन मरून पडला की उठताना पन्नास वर्षं मागे जाऊन उठतो आणि मग त्याच्यावर काहीच उघडत नाही. एका म्हातारीनं फोनच्या कव्हरात पत्र्याच्या डबीतला तावीज कोंबला होता, नजर लागू नये म्हणून. नजर लागली नाही आणि नेटही लागलं नाही. या सगळ्यानं जमलं नाही तर शेवटची चाचणी, फोन आमच्या कंटेनरच्या वायफायवर लावून बघायचा. इथं लागला तर फोन ठणठणीत, दोष घरचा. इथंही नाही लागला तर फोनच बिघडलेला.

त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी तो मॉस्कोत एका इमारतीचे जिने पुसायचा. भावाचा फोन आला, "वडिलांना जरा बरं नाही, येऊन जा." जेंगिशनं पगार उचलला, वडिलांच्या छातीसाठी महागडी औषधं घेतली आणि गाडीत बसला. आमच्या गावचे दोघं सोबत निघाले. तीन दिवस त्यांनी याला हसवलं, पत्ते खेळवले, आग्रह करकरून खाऊ घातलं. घराच्या वळणावर याला अंगणात उभारलेला तंबू दिसला. आमच्यात उन्हाळी कुरण सोडलं तर दारात तंबू उभा राहतो तो लग्नाला नाहीतर मयताला. लग्न कुणाचं नव्हतं. औषधांची पिशवी हातात धरून तो तसाच रस्त्यात बसला.

यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवरून देत नाहीत, वाटेत देत नाहीत, एकट्यानं देत नाहीत. वडीलधारी जमतात, माणसाला मध्ये बसवतात, दोन्ही बाजूंनी धरतात आणि मग सांगतात. तोवर सगळा गाव मूग गिळून बसतो. पण जेंगिश भावाशी वर्षभर बोलला नाही. मला तो एजे, म्हणजे ताई म्हणतो. एकदा म्हणाला, "कालिपा एजे, वडील गेले ते गेले. पण ते दोघं मला तीन दिवस हसवत होते ना, ते मला विसरता येत नाही. माझ्या तोंडून कुणाला असं खोटं कधी जाणार नाही."

मी म्हटलं, "तुझ्या तोंडून खरं तरी कुठं जातंय, मुक्या." तो हसला. तेव्हा हसण्यावारी गेलं.

गेल्या ऑक्टोबरात, बाजाराच्या दिवशी, दुपार व्हायच्या आत सोनुनबू आपा आल्या. साठी उलटलेल्या, विधवा, दुधाचं काम करणाऱ्या. एकुलता एक मुलगा इल्गिझ येकातेरिनबुर्गला बांधकामावर. घरात सून, आणि त्याच आवारात धाकटा दीर आणि त्याची बायको. वायफाय एकच, दिराच्या खोलीत. जेंगिशनंच गेल्या वसंतात बसवून दिलं होतं.

"बघ रे बाळा," फोन टेबलावर ठेवत आपा म्हणाल्या, "कालपासून लागत नाही. जाऊबाई म्हणते फोन म्हातारा झाला. मी म्हटलं, मीही झालेय, मला कुठं टाकलं अजून?"

"दिराच्या फोनवर लागतं?" जेंगिशनं विचारलं.

"सगळ्यांच्या लागतं. माझ्यावरच रुसलंय."

तिथंच माझं मशीन थांबलं. का ते मला लगेच उमगलं नाही, नुसता पाय थांबला. मी उठले, चहा ओतला, रुमालावर नान तोडून ठेवला. आपा स्टुलावर बसल्या आणि घरच्या कागाळ्या सांगू लागल्या. जेंगिशचं डोकं फोनमध्ये.

"सुनेला काल तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. कशाला, तर म्हणे आईला भेटायला. निघताना पोरगी माझ्याकडे बघेना. मी काय खाल्लं होतं का तिला?"

"तारीख बरोबर आहे," जेंगिश स्वतःशीच पुटपुटला.

"दिरानं मेंढी आणून बांधलीय. कसली मेंढी विचारलं, तर स्वस्तात मिळाली म्हणाला. तो मेला फुकट मिळाली तरी घासाघीस करणारा, आणि त्याला स्वस्तात मिळाली. बरं, सकाळपासून जाऊबाई माझ्याशी इतकी गोड बोलतेय की दात किडायचे. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या आधी उठून गाईचं दूध काढलंन."

मी भिंतीला टेकले. आपांच्या तोंडाकडे बघवेना आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही कळेना. फोन ठणठणीत असेल तर घरातल्या त्या एकाच फोनचं नेट आपोआप बंद पडत नाही. राउटरच्या यादीत जाऊन तेवढा एक फोन कुणीतरी बंद करावा लागतो. हे मला जेंगिशनंच शिकवलं होतं, माझा नातू रात्रभर खेळत बसायचा तेव्हा. मग आपांचाच का बंद केला? त्यांचा फोन नातेवाइकांच्या संदेशांच्या गटात आहे, आणि त्या गटात कुणी काय लिहील याचा भरवसा नाही, म्हणून. दुसरं कारण मी शोधलं. देवाशपथ, खूप शोधलं.

आणि जेंगिशला यातलं काही ऐकू जात नव्हतं. नेटवर्क विसरायला लावून झालं होतं, फोन बंद करून चालू झाला होता. आता शेवटची चाचणी उरली होती.

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय बाजूला घेतला. मी खोकले. "पाणी प्या, एजे," तो म्हणाला.

"जेंगिश, तो फोन राहू दे जरा. आधी माझी कात्री बघ, अडकतेय."

"कात्रीला काय बघायचं?" असं म्हणत त्यानं आमचा पासवर्ड टाकला.

फोन जोडला गेला. एका दमात.

क्षणभर काही झालं नाही. मग फोन टेबलावर थरथरू लागला. एक संदेश, दोन, दहा, थांबेचना. त्या कंपानं फोन सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला. जेंगिशनं तो धरला, आणि त्याच्या बोटांच्या मधून मला एक ओळ दिसली. 'इल्गिझची माती मऊ असो.' गेलेल्या माणसासाठी आमच्यात हेच म्हणतात. त्याखाली पुन्हा तीच, दुसऱ्या कुणाची. पुन्हा तीच.

जेंगिशनं फोन पालथा केला. एवढ्या उंच माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मघापासून मी काय सांगत होते ते त्याला आत्ता कळलं. पालथ्या फोनच्या कडेवर अंगठा दाबून त्यानं तो बंद केला.

"लागलं का?" आपांनी विचारलं.

बाहेर कुणीतरी बटाट्याचा भाव ओरडत होतं. मला एकच भीती वाटत होती, की या बाईला हे इथं, चेन आणि बॉबिनच्या पसाऱ्यात, धरायला कुणी नसताना कळेल, आणि ते आमच्या हातून होईल. आणि जेंगिश खोटं बोलणार नव्हता. नऊ वर्षं तो त्या एका गोष्टीवर जगत होता. त्याचे ओठ हलले तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

"नाही लागत, आपा," तो म्हणाला.

"थरथरत होता ना?"

"बॅटरी जुनी झाली की होतं तसं."

फोनची बॅटरी तशी कधी थरथरत नाही. इतकं भिकार खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

आपांनी चहाची वाटी खाली ठेवली. मघाची कागाळी करणारी बाई कुठं गेली कोण जाणे, आता त्या अगदी हळू बोलत होत्या. "म्हणजे इथंही नाही लागत. दिराच्या घरी नाही आणि इथंही नाही. म्हणजे फोनच बिघडलाय."

"हो."

"आतून बिघडलाय. कुणी काही केलेलं नाही."

जेंगिशनं मान डोलावली.

"गेल्या वर्षी तू मला सांगितलं होतंस, बाळा. इथं लागला तर दोष घरचा, नाही लागला तर फोनचा. मी काल रात्रीपासून तेच घोकतेय. जवळचं दुकान सोडून मुद्दाम इतक्या लांब तुझ्याकडे आले, तू खोटं बोलत नाहीस म्हणून." त्यांनी रुमालावरचा नानाचा तुकडा उचलून त्याच्यासमोर धरला. "यावर हात ठेव आणि सांग, फोन बिघडलाय."

मी मघापासून त्यांना भोळी समजत होते. त्या मेंढीबद्दल, सुनेबद्दल, दुधाबद्दल सांगत होत्या, ते आम्ही हसून 'काय आपा, काहीतरीच' म्हणावं म्हणून. लोक जेंगिशकडे फोन नीट करून घ्यायला येतात. या बाई तो बिघडलेला निघावा म्हणून आल्या होत्या.

नानावर, म्हणजे अन्नावर, हात ठेवून खोटी शपथ आमच्यात कुणी घेत नाही. दारुडाही नाही, चोरही नाही. जेंगिशनं हात उचलला. तो नानाच्या वर अधांतरी राहिला. खाली येईना, मागेही जाईना. आपा त्या हाताकडे बघत होत्या. किती वेळ, कोण जाणे. मला तर वाटलं बाजार उठून गेला.

मग आपांनीच नान मागे घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "नको ठेवूस हात. मी मागितलंच नव्हतं समज. नुसतं तोंडानं म्हण."

"बिघडलाय, आपा," जेंगिश म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

"मग राहू दे तुझ्याकडेच. आज दुरुस्त करू नकोस."

त्यांनी नानाचा तुकडा कपाळाला लावून रुमालावर ठेवला, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि उठल्या. उठताना एकदा टेबल धरलं. मी मशीनवर कापड तसंच टाकून त्यांच्याबरोबर निघाले. जेंगिशला म्हटलं, दिराला फोन कर, म्हणावं आणतेय त्यांना. आपांना ते ऐकू गेलं असणार.

घर बाजारापासून पाऊण तासावर. वाटेत त्यांनी मला माझ्या नातवाचं विचारलं, यंदा बटाटे कसे आलेत ते विचारलं. मी काहीबाही उत्तरं देत होते. ओळखीचे लोक समोरून आले की रस्ता ओलांडून पलीकडे जात होते, सलामही न करता. त्या प्रत्येकाकडे आपा बघत होत्या. मी त्यांचा दंड धरला. हाड लागलं हाताला.

पॉप्लरच्या झाडांच्या रांगेशी शेवटचं वळण आहे. त्यापुढे गेलं की त्यांचं अंगण दिसतं. तिथं आपा थांबल्या.

"पुढं गेलं की तंबू दिसेल," त्या म्हणाल्या. "इथवर माझा इल्गिझ आहे, कालिपा. जरा थांबू या."

आम्ही थांबलो. पलीकडून तंबूच्या खुंट्या ठोकल्याचा आवाज येत होता.